कोल्हापुरातनं जर्मनीच्या रूरला जायचंय? मग असं जावा

आपल्याकडं युरोप म्हटलं की ठरलेलं असतंय, स्वित्झर्लंडचा बर्फ, पॅरिसचा टॉवर, आणि जर्मनी म्हणजे बसनं जाताजाता अर्धा दिवस ब्लॅक फॉरेस्ट, कोकिळेचं घड्याळ बघायचं आणि पुढं. ते चांगलंच आहे, मी वाईट म्हणत नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की कोल्हापूरच्या माणसानं, त्यातनं घरात कोण शिरोलीला, गोकुळ शिरगावला नाहीतर उद्यमनगरात राबलेलं असेल तर त्यानं जर्मनीतला रूर भाग बघितलाच पाहिजे. मी माझ्या काकांना घेऊन गेलो होतो. काकांची उभी हयात शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगला गेली, रिटायर झाल्यावर "मला देवदर्शन नको, मला लोखंड जिथनं सुरू झालं ते दाखव" म्हणाले. तर आम्ही जे केलं, जे चुकलं आणि दुसऱ्यांदा गेलो तर जसं करू, ते सगळं इथं लिहितोय.

आधी हे नेमकं कुठं आहे ते. जर्मनीच्या पश्चिमेला, हॉलंडच्या हद्दीजवळ, नॉर्ड्राइन-वेस्टफालन नावाचं राज्य आहे, त्यातला हा पट्टा. रूर हे शहराचं नाव नाही, नदीचं आहे, आणि तिच्या आजूबाजूला ५३ गावं-शहरं अशी एकमेकांना चिकटलेली आहेत की ड्यूसबुर्ग कुठं संपलं आणि ओबरहाउझेन कुठं सुरू झालं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. एसेन, गेल्झेनकिर्शन, बोखुम, डॉर्टमुंड ही त्यातली मोठी. साधारण ४,४०० चौरस किलोमीटरमध्ये ५१ लाखांच्या आसपास माणूस राहतोय, आणि आपला अख्खा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा, २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार लोकसंख्येचा, यावरनं दाटी किती ते बघा. तरीपण झाडी एवढी आहे की ट्रेनमधनं जाताना शहरात आहे की रानात असं होतंय.

पश्चिमेला ऱ्हाइन, दक्षिणेला रूर, मधनं एम्शर, उत्तरेला लिप्पे अशा चार नद्या डोक्यात ठेवा, म्हणजे नकाशा आपोआप बसतो. कोळशाचे थर रूर नदीच्या काठाला अगदी वर आलेले आणि उत्तरेकडं जाल तसे खोल गेलेले, म्हणून पहिल्या खाणी नदीकाठच्या टेकड्यांत निघाल्या आणि जसजसे पंप आणि इंजिन सुधारले तसतशा खाणी उत्तरेला सरकत गेल्या. म्हणून आजपण दक्षिण बाजू हिरवी, डोंगराची, तळी असलेली आणि एम्शरच्या बाजूला मोठमोठे जुने कारखाने. एसेनमध्ये क्रुप घराण्यानं १८११ साली कारखाना काढला तिथनं पोलादाचा पसारा वाढत गेला, १९५० च्या दशकात नुसत्या खाणींत चार लाखांवर माणसं कामाला होती, आधी पोलंडकडनं आली, नंतर तुर्कस्तानातनं आली. मग बाहेरचा कोळसा आणि तेल स्वस्त पडायला लागलं आणि एकेक खाण बंद होत गेली. शेवटची बोट्रोपची प्रोस्पर-हानियल, २१ डिसेंबर २०१८ ला बंद झाली, शेवटचा कोळशाचा तुकडा खाणकामगारांनी राष्ट्राध्यक्षांच्या हातात दिला. आता तिथं कॉलेजं, हॉस्पिटलं, गोदामं, लॉजिस्टिक्स यावर पोट चालतंय, बोखुमच्या विद्यापीठाचे वर्ग १९६५ ला सुरू झाले, त्या वेळी या एवढ्या मोठ्या पट्ट्यात सर्व विषयांचं दुसरं एकपण विद्यापीठ नव्हतं. पोलाद मात्र ड्यूसबुर्गला अजून निघतंय, आणि नदीवरचं तिथलं बंदर आतल्या भागातल्या बंदरांमध्ये जगात सगळ्यात मोठं मानतात.

आता तयारी. शेंगेन व्हिसा लागतो, महाराष्ट्रातल्या माणसाचं काम मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडं जातंय पण कागद आणि बोटांचे ठसे द्यायला पुण्याचं व्हीएफएस सेंटर आपल्याला जवळ पडतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा पाहिजे. अपॉइंटमेंट उन्हाळ्यात लवकर मिळत नाही, म्हणून जूनला जायचं तर फेब्रुवारीतच लागा. काकांसारख्या रिटायर माणसाचं असेल तर पेन्शनचा कागद, बँक स्टेटमेंट, घराचा उतारा, शेती असेल तर सातबारा इंग्रजी भाषांतरासकट लावा, कारण "हा माणूस परत येणार" हे त्यांना कागदावर दिसायला पाहिजे. आम्ही पहिल्यांदा एका एजंटाकडनं करून घेतलं, त्यानं विम्याच्या तारखा दोन दिवस कमी टाकल्या आणि परत सगळी धावाधाव, म्हणून एजंट केला तरी प्रत्येक तारीख स्वतः बोट ठेवून तपासा.

विमान मुंबईतनं घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जावा नाहीतर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं, पण विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, पावसाळ्यात हायवेचा भरवसा धरू नका. सगळ्यात जवळचं विमानतळ ड्युसेलडॉर्फ, तिथं जायला वाटेत विमान बदलावं लागेल, पण फ्रँकफर्टला उतरलात तरी विमानतळाखालनंच फास्ट ट्रेन मिळते आणि दोनेक तासात एसेन.

सामानाबद्दल एक महत्त्वाचं, कारण आपल्याकडं बॅग भरणारी आई असते. युरोपियन युनियनमध्ये बाहेरनं दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप, खवा, सुकं मटण काही चालत नाही, कस्टमवाले काढून टाकतात. भडंग, चटणी, मेतकूट (तुपाशिवाय), चिवडा, कोल्हापुरी गूळ, कांदा-लसूण मसाला हे खुशाल घ्या, फक्त मसाला तीन पिशव्यांत बांधा.

तिथं फिरायला गाडी भाड्यानं घेऊ नका, गरजच नाही. डॉइचलँडटिकेट नावाचा महिन्याचा पास आहे, २०२६ पासून ६३ युरो, त्याच्यात अख्ख्या देशातल्या साध्या ट्रेन, लोकल, ट्राम, मेट्रो, बस सगळं येतं, फक्त आयसीई आणि आयसी या फास्ट गाड्या नाहीत. पण हे सबस्क्रिप्शन आहे, महिना पहिल्या तारखेला सुरू होतो आणि त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कॅन्सल केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, म्हणून पास काढला की लगेच कॅन्सल करून टाका, तो महिना संपेपर्यंत चालतोच. आरई-१ आणि आरई-६ या गाड्या पाठ करा, ड्यूसबुर्ग, एसेन, बोखुम, डॉर्टमुंड, हाम ही सगळी एकाच लाइनीवर आहेत. गाड्या कधीकधी लेट होतात, रद्दपण होतात, जर्मनी म्हणजे घड्याळ असं समजून दहा मिनिटांचं कनेक्शन पकडायला जाऊ नका.

राहायला एसेनच्या स्टेशनजवळ बघा, मधोमध पडतं. किचन असलेली खोली घ्या. आणि रविवारी सगळी दुकानं बंद, सगळी म्हणजे किराणा, कपडे, मॉल सगळं, हे मी वाचून गेलो होतो तरी विसरलो आणि रविवारी दुपारी पोचलो, सोमवार सकाळपर्यंत भडंगावर काढायची वेळ आली असती पण स्टेशनातलं एक छोटं दुकान उघडं होतं. शनिवारीच दूध-ब्रेड-अंडी भरून ठेवा. ते आल्दी नावाचं स्वस्त सुपरमार्केट आता जगभर आहे ना, ते मूळचं या एसेनचंच, एका आईच्या छोट्या किराणा दुकानातनं तिच्या दोन पोरांनी वाढवलेलं.

पहिला दिवस एसेनच्या त्सोलफेराइनला द्या. स्टेशनवरनं १०७ नंबरची ट्राम थेट जाते. ही कोळशाची खाण, तिचा १२ नंबरचा शाफ्ट, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, १९३२ ला सुरू झाला, दिवसाला १२,००० टन कोळसा काढायची ताकद, आणि डिसेंबर १९८६ ला बंद झाली. २००१ ला युनेस्कोच्या यादीत गेली. पुढ्यात तो उंच दुहेरी लोखंडी मनोरा उभा आहे, लाल विटांच्या सरळ इमारती, एकपण नक्षी नाही तरी बघत राहावं असं. कोळसा धुवायच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे, एका लांबलचक नारंगी सरकत्या जिन्यानं वर जायचं आणि मग मजले उतरत खाली यायचं, कोळसा जसा वरनं खाली यायचा तसंच. तिथलं कोकिंग प्लांट चुकवू नका, काकांना कुपोलाला, म्हणजे फाउंड्रीत लोखंड वितळवायच्या भट्टीला, लागणारा कोक आयुष्यभर पोत्यातनं माहीत होता, तो भाजतात कसा ते भट्ट्यांची रांगच्या रांग बघून कळलं. हिवाळ्यात त्या भट्ट्यांच्या कडेला बर्फाचं मैदान करून पोरं स्केटिंग करतात.

दुसरा दिवस ड्यूसबुर्गचा, आणि सगळा रूर करायला वेळ नसेल तर बाकी सोडा पण हे बघा. लँडशाफ्ट्सपार्क नॉर्ड. ड्यूसबुर्ग स्टेशनातनं ९०३ ची ट्राम, स्टॉपचं नावच लँडशाफ्ट्सपार्क. १९८५ ला बंद पडलेला लोखंडाचा कारखाना, ब्लास्ट फर्नेस म्हणजे लोखंड वितळवायच्या उंच भट्ट्यांसकट, तसाच्या तसा ठेवलाय आणि भोवती १८० हेक्टरची बाग केलीय. पेटर लात्स नावाच्या आर्किटेक्टचं काम, त्यानं पाडायचं काही नाही असं धरून डिझाइन केलं. तिकीट नाही, गेट चोवीस तास उघडं. जुन्या गॅसच्या टाकीत पाणी भरून तिथं डायव्हिंग शिकवतात, खनिजाच्या बंकरच्या भिंतींवर पोरं दोर लावून चढतात, आणि मधनं झाडं उगवलेली. ५ नंबरच्या फर्नेसवर जिन्यानं सत्तर मीटरपर्यंत चढता येतं, गुडघे दुखत असतील तर अर्ध्यातनं परत यायला लाजू नका, वारा जोराचा असतो.

पण चढायच्या आधी खाली कास्टिंग हॉलमध्ये जावा. जिथं फर्नेसचं तोंड फोडून रस बाहेर काढायचे ती जागा. जमिनीत पाट आहेत, मोठा एक आणि त्याला फुटलेले फाटे, वितळलेलं लोखंड पाण्यासारखं वाहून नेणारे. काका तिथं खाली उकिडवे बसले आणि पाटाच्या कडेवरनं अंगठा फिरवत गेले, अगदी हळू, आपण साच्यात वाळू नीट दाबली आहे का बघतात तसं, आणि म्हणाले, "उतार बघ किती दिलाय. आमच्या मिस्त्रीनं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, उतार चुकला की रस थिजतो." शेजारी एक जर्मन आजोबा नातवाला काहीतरी दाखवत होते, त्यांना आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्यांची, पण त्यांनी काकांचा अंगठा बघितला आणि स्वतःचा डावा हात पुढं केला, मनगटापासनं कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढरे डाग. काकांनी शर्टाची बाही वर केली. दोघं हसले. मी फोटो काढायला मोबाइल वर केला आणि परत खिशात ठेवला.

शुक्रवार-शनिवार असेल तर अंधार पडेपर्यंत थांबा, सगळ्या कारखान्यावर हिरवे-निळे-लाल दिवे लावतात, फक्त जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत जात नाही, त्या हिशोबानं जेवून जावा. आणि ते दिवे बघत असताना मला आपल्या बंद पडलेल्या शाहू मिलचा भोंगा आठवत होता, १९०६ ला महाराजांनी काढलेली मिल, किती वर्षं झाली नुसती चर्चा चालू आहे. महापालिकेत, वारसा समितीत कोणी हे वाचत असेल तर खरंच सांगतो, ड्यूसबुर्ग बघून या.

बोखुमला खाणीचं म्युझियम आहे, डॉइचेस बेर्गबाउ-म्युझियम, मेट्रोच्या स्टेशनचं नावच ते आहे त्यामुळं चुकायचं कारण नाही. जमिनीखालचे बोगदे म्युझियमसाठीच बनवलेत, खरी खाण नाही, पण मशिनी खऱ्या, आणि वरच्या मनोऱ्यावरनं सगळं शहर दिसतं. लहान पोरं बरोबर असतील तर हे पहिलं करा. सोमवारी बंद, तिथली बहुतेक म्युझियमं सोमवारी बंदच असतात.

आता नदी. हे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण पंचगंगेच्या काठावर वाढलोय. एम्शर ही या पट्ट्याच्या मधनं वाहणारी नदी, आणि शंभरेक वर्षं ती गटार होती, बोलायची पद्धत म्हणून नाही, अधिकृत उघडं गटार. कारण खाली खाणी, खाणींमुळं जमीन खचायची, काही ठिकाणी वीस मीटरच्यावर खचलीय, मग जमिनीखालनं ड्रेनेजचे पाइप टाकले तर फुटणार. म्हणून नदीलाच काँक्रीटच्या पाटात बांधलं आणि काठच्या शहरांचं मैलापाणी आणि कारखान्यांचं पाणी त्यात सोडलं. खाणी उत्तरेला सरकल्या, जमीन खचायची थांबली, तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ठरवलं की पाइप आता जमिनीखाली जातील आणि नदी परत नदी होईल. तीस वर्षं लागली, ५५० कोटी युरोच्या आसपास खर्च, आणि २०२१ संपता संपता एम्शरमध्ये मैलापाणी जायचं बंद झालं. हे करणारी संस्था १८९९ ला काढलेली आहे, त्यात नदीकाठची सगळी शहरं आणि खाणी-कारखाने सभासद, आणि ज्याची घाण जास्त त्याची वर्गणी जास्त. दरवर्षी पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडला की आपण एकमेकांकडं बोट दाखवतो, महापालिका इचलकरंजीकडं, इचलकरंजी साखर कारखान्याकडं, म्हणून ही वर्गणीची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली.

ती बघायची असेल तर डॉर्टमुंडला जावा, तिथनं यू-४१ मेट्रोनं ह्योर्डे स्टेशन. तिथं फिनिक्स नावाचा पोलाद कारखाना होता, २००१ ला बंद झाला, चिनी कंपनीनं तो सुटा करून जहाजानं चीनला नेला, आणि रिकाम्या खड्ड्यात २०१० पासनं पाणी भरून २४ हेक्टरचं तळं केलं. आपल्या रंकाळ्यापेक्षा बरंच लहान, पण रंकाळापण मुळात दगडाची खाणच की, त्यामुळं आपल्याला लगेच जवळचं वाटतं. संध्याकाळी लोक चक्कर मारतात, काठाला जुना कन्व्हर्टर, म्हणजे लोखंडाचं पोलाद करायचं मोठं भांडं, ठेवलाय, आणि तळ्याच्या कडेनं एम्शर वाहते, वीतभर पाणी, स्वच्छ, काठाला गवत. काकांनी हात घातला, वास घेतला आणि काहीच बोलले नाहीत.

डॉर्टमुंडला आलात आणि फुटबॉलचं काही केलं नाही तर पेठेत तोंड दाखवायला जागा नाही. इथं पाटाकडील-दिलबहारची मॅच असली की शाहू स्टेडियमला जो माहोल असतो, तो तिथं डॉर्टमुंड आणि शाल्के यांच्यात. डॉर्टमुंड १९०९ चं, काळं-पिवळं, शाल्के गेल्झेनकिर्शनचं, १९०४ चं, निळं, खाणकामगारांच्या पोरांचा क्लब. एकमेकांच्या शहराचं नावपण घेत नाहीत, कट्टर डॉर्टमुंडवाला शाल्केला "हेर्ने-वेस्ट", म्हणजे शेजारच्या हेर्ने शहराची पश्चिम बाजू, म्हणतो. डॉर्टमुंडच्या स्टेडियमची क्षमता ८१,३६५, त्यातल्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास पंचवीस हजार माणूस उभ्यानं मॅच बघतो. तिकीट मिळणं अवघड, मेंबरना आधी मिळतं, त्यामुळं तिकीट नाही मिळालं तर स्टेडियमची टूर करा आणि स्टेशनसमोरच देशाचं फुटबॉल म्युझियम आहे ते बघा. मॅच मिळालीच तर ए-फोर कागदापेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. आणि जून-जुलैत सीझन बंद असतो, फुटबॉलसाठी जायचं तर ऑगस्ट ते मे.

देवदर्शन नको म्हणणाऱ्या काकांना शेवटी मी देवीला नेलंच. हाम शहराच्या उएंट्रोप भागात श्री कामाक्षी अम्मनचं मंदिर आहे, श्रीलंकेतनं निर्वासित होऊन आलेल्या तमिळ लोकांनी उभं केलेलं, २००२ ला प्रतिष्ठापना झाली, कांचीपुरमच्या धर्तीवर रंगीत गोपुर. आणि मंदिर कुठं, तर इंडस्ट्रियल एरियात, म्हणजे आपल्या भाषेत एमआयडीसीत, गोदामांच्या मधे. डॉर्टमुंडपासनं हामपर्यंत ट्रेन आणि पुढं बस. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रथोत्सव असतो, हजारोंनी लोक येतात, तारीख पंचांगाप्रमाणं बदलते तेव्हा आधी बघून घ्या. दुपारी मंदिर बंद असतं. अंबाबाईच्या गावचे आहोत म्हटल्यावर तिथल्या एका मावशींनी काकांच्या हातात कुंकू आणि गरम पोंगल ठेवला.

खायचं सांगतो. तिथली ओळखीची डिश म्हणजे करीवुर्स्ट, भाजलेलं सॉसेज, वर टोमॅटोचा सॉस आणि करी पावडर, सॉसेज बहुतेक डुकराचं असतं हे ऑर्डर करायच्या आधी लक्षात घ्या. शाकाहारी असाल तर फलाफल (चण्याचे वडे), तुर्की ब्रेड, भाजीचा ड्योनर (ब्रेडमध्ये भरून देतात तो) कुठंपण मिळतो, सहा-आठ युरोत पोट भरतं. कोपऱ्याकोपऱ्यावर "ट्रिंकहाले" किंवा "बूडं" म्हणतात ती टपरी दिसेल, अगदी आपल्या पानपट्टीसारखी माणसं उभी असतात. पूर्वी नळाचं पाणी पिण्यासारखं नव्हतं तेव्हा कामगारांना बाटलीतलं सोड्याचं पाणी विकायला या सुरू झाल्या. आजपण पाणी मागितलं की गॅसवालं येतं, "श्टिलेस वासर" म्हणा. बाटली फेकू नका, तिच्यावर डिपॉझिट असतं, बहुतेक २५ सेंट, सुपरमार्केटच्या मशिनमध्ये टाकली की परत मिळतं. टपरीवर सुटे पैसे जवळ ठेवा. आणि कुणी जुना माणूस भेटला तर "ग्ल्युक आउफ" म्हणा, खाणीत उतरताना एकमेकांना म्हणायचे ते, तोंड लगेच खुलतं.

एखादा दिवस उरला तर वुपरटालची लटकती ट्रेन बघा, १९०१ पासनं नदीच्या वरनं उलटी लोंबकळत धावतेय, १३.३ किलोमीटर, आपला पासच चालतो. कोलोनचं चर्च, १५७ मीटर उंच, ट्रेनमधनं उतरलं की समोरच. चाकू-कात्रीची हौस असेल तर झोलिंगेन, पण चाकू चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको.

फाउंड्रीवाल्यांसाठी शेवटचं. ड्युसेलडॉर्फला दर चार वर्षांनी गिफा नावाचं कास्टिंगचं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन भरतं, मागचं जून २०२३ ला झालं, पुढचं जून २०२७ ला आहे. त्या आठवड्यात ड्युसेलडॉर्फमधल्या खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात, तेव्हा खोली ड्यूसबुर्ग नाहीतर एसेनला आत्ताच बुक करा, कॅन्सल करता येणारी, तिथनं ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत पोचता, आणि प्रदर्शन संपल्यावर लगेच परतीचं तिकीट न काढता चार दिवस रूर बघायला राखून ठेवा.